चवडा घट्ट, टाच मोकळी

नोव्हेंबर संपत आला की इथे ओटावामध्ये आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, स्नोशू घ्यायचेत, कोणते घेऊ? मग सगळे तुटून पडतात. अॅल्युमिनियमची फ्रेम घे, नको त्यापेक्षा प्लास्टिकचे घे, पंचवीस इंची घे, तुझं वजन किती, बॅग घेऊन जाणार का, सेल कधी लागतो वगैरे वगैरे. फ्रेमवर तासभर चर्चा होते आणि बूट त्या स्नोशूला नक्की बांधला कसा जातो हे एकही माणूस विचारत नाही. मला हे बघून दर वर्षी राहवत नाही. कारण माझं ठाम मत आहे की स्नोशू विकत घेताना आधी बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला धरून ठेवणारी पट्ट्यांची बांधणी, बघायचं, ते पायात घालून, वाकून, हातमोजे घालून काढून बघायचं, आणि फ्रेम मग. फ्रेम तुम्हाला बर्फावर तरंगवते हे खरं, पण चालवतं ते बाइंडिंग.

ज्यांनी स्नोशू पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताज्या भुसभुशीत बर्फात नुसता बूट टाकला की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, कधीकधी मांडीपर्यंत, आणि तो उपसून पुढचं पाऊल टाकायचं म्हणजे अर्ध्या तासात माणूस थकून बसतो. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची एक रुंद चौकट, वजन मोठ्या जागेवर पसरतं त्यामुळे पाय जेमतेम थोडा दबतो आणि चालता येतं. आपल्याकडून केदारकांठा, ब्रह्मताल असे हिवाळी ट्रेक करून आलेल्यांना मायक्रोस्पाइक्स माहीत असतात, त्यांना वाटतं हे तसलंच काहीतरी. तसं नाहीये. मायक्रोस्पाइक्स घसरू नये म्हणून असतात, स्नोशू बुडू नये म्हणून, आणि मायक्रोस्पाइक्सचं रबर बुटावर ताणून बसवलं की विषय संपतो, पण स्नोशूचं तसं होत नाही, कारण इथे पाय चौकटीला धरून तर ठेवायचाय आणि तरी तो हलूही द्यायचाय.

आपण चालतो कसं हे जरा बघा. पाऊल पुढे टाकताना मागच्या पायाची आधी टाच उचलते, सगळा भार चवड्यावर येतो, बोटं वाकतात आणि मग पाय सुटतो. आता समजा बूट स्नोशूच्या फळीला, म्हणजे त्या चौकटीला, पुढून मागून सगळीकडून आवळून टाकला, तर टाच उचलली की स्नोशूचं शेपूटही वर येणार, म्हणजे प्रत्येक पावलाला अख्खी चौकट उचलायची, ते शक्यच नाही. म्हणून इथला जुना जाळ्याचा स्नोशू असो नाहीतर यंदाचा, पाय फक्त चवड्यापाशी बांधलेला असतो. चवड्याच्या खाली एक आडवी दोरी किंवा दांडा किंवा पट्टा असतो, पाय त्याच्याभोवती फिरतो, आणि त्याच्या पुढे फळीला एक भोक ठेवलेलं असतं. टाच उचलली की बुटाची बोटं त्या भोकातून खाली बर्फात जातात, शेपूट बर्फावरच राहतं, आणि स्नोशूचं पुढचं टोक आपोआप वर येतं म्हणून ते बर्फात घुसत नाही. टाचेमागून जो पट्टा जातो तो टाच खाली दाबून ठेवायला नसतो हे बऱ्याच जणांना कळत नाही, तो फक्त बूट मागे सरकू नये म्हणून असतो. टाच मोकळीच राहायला हवी.

यावरून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते ती ही की चवडा बरोबर त्या फिरत्या रेषेवर यायला हवा. थोडा पुढे गेला तर बुटाचं टोक भोकाच्या पुढच्या कडेला आपटत राहतं, तासाभरात अंगठ्याचं नख दुखायला लागतं आणि स्नोशूचं टोकही नीट उचलत नाही, बर्फात रुततं. मागे राहिला तर चढावर बोटं खाली जाऊन आजच्या स्नोशूला चवड्याखाली असलेले धातूचे दात रोवायला हवेत ते रोवले जात नाहीत, पाय घसरतो आणि माणूस म्हणतो स्नोशू खराब आहे. स्नोशू चांगला असतो हो, बूट दोन सेंटिमीटर चुकीच्या जागी असतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, जुन्या बांधणीकडे. 2003 साली इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये एका हिमनदीवर, साधारण 3100 मीटर उंचीवर, बर्चच्या लाकडाचं वाकवून गोल केलेलं आणि दोरीने बांधलेलं एक कडं सापडलं, नंतर तपासणीत कळलं की तो स्नोशू आहे आणि इ.स.पूर्व 3800 ते 3700 च्या सुमाराचा आहे. म्हणजे बर्फात पाय बांधायचा हा प्रश्न माणसाने जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वीच सोडवायला घेतलाय. पण त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला विचाराल तर इथल्या लोकांनी शोधलं, कॅनडाच्या क्री, इन्नू, अनिशिनाबे, वेंडाट अशा मूळ रहिवाशांनी. क्युबेक शहराच्या कडेला वेंडाके म्हणून वेंडाट लोकांची वस्ती आहे, तिथे स्नोशू आणि मोकॅसिन, म्हणजे कातड्याचे मऊ बूट, बनवायचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. अॅश झाडाचं लाकूड वाफेवर वाकवायचं आणि कच्च्या कातड्याच्या ओल्या वाद्यांनी जाळं विणायचं, कातडं वाळलं की आक्रसून ताठ होतं. उत्तरेकडे कॅरिबूच्या, म्हणजे तिथल्या हरणाच्या, कातड्याचं इतकं बारीक जाळं विणतात की बघत राहावं, आणि ते विणायचं काम बहुतेक ठिकाणी बायकांचं. जाळ्यातच बोटांसाठी भोक सोडलेलं असतं आणि त्याच्या मागे जास्त जाड पिळाची आडवी दोरी, सगळा भार तिच्यावर.

आणि त्याला पाय कशाने बांधायचा? पूर्वी कमावलेल्या कातड्याची मऊ वादी असायची. पुढे बाजारात रॉकेलचे दिवे आले तसं लोकांच्या लक्षात आलं की दिव्याची चपटी सुती वात या कामाला एकदम चांगली आहे. हो, तीच आपल्या कंदिलाची वात! फक्त रुंद, बोट-दीड बोट रुंदीची, आणि लांब, एका पायाला दीड ते दोन मीटर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की सांगता येत नाही, कारण आजोळी कोकणात लाइट गेले की आजी कंदिलाची काच राखेने पुसायची आणि वात कात्रीने सरळ कापायची, ती वात माझ्या बोटांना माहितीये. घट्ट विणलेली, पण मऊ, गाठ मारली की गाठ सुटत नाही आणि सोडायची म्हटली तर सुटते. कातडं ओलं झालं की ताणतं, मग बूट सैल पडतो, आणि गोठलं की लाकडासारखं होतं. वातीचं तसं होत नाही, ती फारशी ताणत नाही आणि पायावर ती पसरून बसते त्यामुळे कुठे रुतत नाही.

ती बांधतात कशी ते शब्दांत सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करते. वात त्या जाड आडव्या दोरीच्या खालून घालून दोन्ही टोकं बोटांच्या भोकाच्या दोन कोपऱ्यांतून वर काढायची. चवडा दोरीवर ठेवायचा. दोन्ही टोकं बोटांच्या मागे पायावर एकमेकांवरून फुलीसारखी न्यायची, मग प्रत्येक टोक त्याच्या बाजूच्या वर आलेल्या वातीखालून ओवून एक पीळ द्यायचा म्हणजे पुढची पकड घट्ट झाली, आणि मग दोन्ही टोकं टाचेमागे नेऊन, घोट्याच्या बाजूला आणून साधी गाठ. झालं. बकल नाही, धातू नाही, तुटणारं काही नाही. आणि खरी गंमत अशी की ही गाठ रोज सोडायची नसते. एकदा मापाची बांधली की पाय आत घालताना बोटं पुढच्या फुलीखाली सरकवायची, टाच वाकडी करून मागच्या वेढ्यात घालायची आणि सरळ करायची. काढताना उलट, टाच बाहेर वळवली की वेढा टाचेवरून सुटतो आणि पाय मोकळा. हात लावायलाच नको. उणे तीसमध्ये उघड्या हाताने बकल सोडण्याचा प्रसंग आलाय ज्यांच्यावर त्यांना याची किंमत कळेल.

हात न लावता पाय सुटण्याचं अजून एक कारण आहे आणि ते जिवाशी आहे. लॅब्राडोर, उत्तर ओंटारिओ या भागात लोक गोठलेल्या तळ्यांवरून, नद्यांवरून चालतात. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर पायाला घट्ट आवळलेले ते दोन रुंद पंखे घेऊन वर येणं महाकठीण. वातीच्या बांधणीतून पाय झटकून बाहेर काढता येतो. म्हणून तिकडे स्लेज ओढत, तंबूत शेगडी पेटवून महिना-महिना फिरणारे लोक आजही ही वातच वापरतात, दुकानात शंभर प्रकारची बाइंडिंग मिळत असताना. ती जुनी रीत जपायची म्हणून नाही, तर त्यांच्या कामाला तेच सगळ्यात चांगलं आहे म्हणून. मात्र तिच्याबरोबर मऊ तळव्याचे बूट हवेत, मोकॅसिन किंवा मकलक, जे पायाबरोबर वाकतात. आणि थंडीही कोरडी हवी. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फात सुती वात पाणी पिते आणि मग रात्री गोठते, तिथे तिचा नाइलाज आहे.

मॉन्ट्रियलमध्ये 1840 च्या दशकात स्नोशू क्लब निघाला, निळ्या टोप्या घालून, हातात मशाली घेऊन हे लोक रात्री माउंट रॉयल चढायचे, शर्यती लावायचे, आणि तेही मोकॅसिन घालूनच. पुढे ताठ तळव्याचे बूट सगळ्यांच्या पायात आले, मग वाती आणि वाद्या पुरेनात. मग कातड्याचे बकलवाले हार्नेस आले, बोटांवर एक पट्टा, पायावर एक, टाचेमागे एक. दिसायला छान, पण कातडं ते कातडं. त्याच सुमारास गावाकडच्या शिकाऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी दुसरा उपाय काढला तो मला फार आवडतो, ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब! ट्यूब आडवी कापून एक रुंद कडं काढायचं, त्यात बोटांसाठी एक भोक कापायचं, पुढचा भाग आडव्या दोरीखालून घेऊन बोटांवर बसवायचा आणि मागचा भाग ताणून टाचेवर चढवायचा. फुकटात होतं, पाणी पीत नाही, घालायला-काढायला काही सेकंद. फार कडक थंडीत रबर ताठरतं आणि काही वर्षांत उन्हाने चिरतं, पण चिरलं तर दुसरी ट्यूब कापायची. क्युबेकच्या खेड्यांत अजून असे स्नोशू भिंतीला टांगलेले दिसतात आणि ते शोभेचे नसतात.

सध्या आपण जे बघतो ती सगळी घराणी 1970 च्या दशकापासूनची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्रेटर बंधूंनी, जीन आणि बिल, डोंगर चढण्यासाठी अॅल्युमिनियमच्या नळीची फ्रेम आणि बिजागरीवर फिरणारं बाइंडिंग बनवलं आणि त्याच्या खाली, चवड्याखाली, धातूचे दात लावले. ते शेर्पा नावाने विकले गेले. चवड्याखाली दात हे फार मोठं काम झालं, कारण आता बांधणी नुसती पाय धरत नव्हती तर पाय फिरला की दातही पायाबरोबर फिरून बर्फात रुतत होते. म्हणजे तुमचा बूट बाइंडिंगमध्ये जितका घट्ट, तितका दातांवर तुमचा ताबा.

इथून दोन जाती झाल्या, आणि विकत घेताना हा फरक समजून घ्याच. एकात बाइंडिंग दांड्यावर मोकळं फिरतं, पाय उचलला की शेपूट खाली लटकतं, त्यावरचा बर्फ घसरून पडतो, चढावर बूट पुढून सरळ बर्फात मारता येतो. उभ्या चढाला हेच. पण मागे पावलं टाकायची झाली की शेपूट बर्फात रुतून बसतं. दुसऱ्यात बाइंडिंग एका ताणलेल्या जाड पट्ट्यावर बसवलेलं असतं, पाय उचलला की पट्टा शेपटाला वर खेचतो, त्यामुळे ओंडके ओलांडणं, वळणं, मागे येणं, पळणं सगळं सोपं. फक्त पावसाळ्यात स्लिपर घालून चाललं की पॅंटवर मागे चिखलाचे शिंतोडे उडतात ना, तसा प्रत्येक पावलाला मागून पोटऱ्यांवर बर्फ उडतो. ओटावाजवळच्या गॅटिनो पार्कसारख्या चढउताराच्या पण फार उभ्या नसलेल्या जंगलात मला दुसरा प्रकार आवडतो, न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये जायचं तर पहिलाच.

पट्ट्यांचं म्हणाल तर आता दुकानात चार-पाच तऱ्हा दिसतात. नायलॉनच्या विणलेल्या पट्ट्या, स्वस्त स्नोशूंना असतात, पाणी धरतात, गोठतात, बकलातून हळूहळू सरकतात. मला त्या आवडत नाहीत. मग ते भोकंवाले रबरी, म्हणजे खरं तर पॉलियुरेथेनचे पट्टे, घड्याळाच्या पट्ट्यासारखी भोकं आणि त्यात खिळा, सिएटलच्या एमएसआर कंपनीने 1990 च्या दशकात अख्ख्या प्लास्टिकचा स्नोशू काढला त्यामुळे हे पट्टे जास्त लोकांच्या पायात आले. दिसायला साधे, पण पाणी पीत नाहीत, थंडीत वाकतात, तुटला तर एकच पट्टा बदलता येतो. रॅचेट असतं स्नोबोर्डला असतं तसं, दातेरी पट्टी आणि खटका, पटकन आवळता येतं, पण खटक्यात बर्फ जाऊन गोठला की ते ना पुढे जातं ना मागे. अशा वेळी पोलच्या, म्हणजे चालताना टेकायच्या काठीच्या, मुठीने हलके ठोकायचं, थर्मासमधला गरम चहा ओतायचा नाही, तो दोन मिनिटांत गोठतो आणि आधीपेक्षा वाईट होतं. आणि सगळ्यात नवीन ते चकती फिरवून आवळायचं बोआ, कोलोरॅडोतल्या कंपनीने 2001 मध्ये सुरू केलं, आधी स्नोबोर्डच्या बुटांना आणि मग इकडे. बारीक स्टीलची तार असते, चकती फिरवली की सगळीकडून सारखं आवळलं जातं, ओढली की सगळं एकदम सैल. वापरायला अतिशय सुखाचं, ज्यांना बोटांचा संधिवात आहे अशा माझ्या ओळखीच्या एका काकूंना तर त्याच्यामुळेच स्नोशूइंग शक्य झालं. पण तार तुटली तर जंगलात तुम्ही काहीही करू शकत नाही. म्हणून दोन-तीन तासांच्या फेरीला बोआ उत्तम, दिवसभर लांब जायचं तर मी भोकांच्या पट्ट्यावरच विश्वास ठेवते.

आता बांधायचं कसं. पार्किंगमध्येच, सपाट दाबलेल्या बर्फावर, आत खोल बर्फात जाऊन नाही. आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा, अर्धवट सैल करून बूट कोंबू नका. डावा उजवा बघा, बकलं बाहेरच्या बाजूला यायला हवीत, आत आली तर चालताना दुसऱ्या स्नोशूला लागून सुटतात. मग बुटाच्या तळव्याचा बर्फ झटका, आणि बाइंडिंगच्या बैठकीवरचाही, हे सगळेच्या सगळे विसरतात आणि मग पंधरा मिनिटांनी म्हणतात माझं सैल कसं झालं. सैल नाही झालं, तुम्ही बर्फाच्या थरावर पट्टे आवळलेत, तो थर दबला. चवडा फिरत्या रेषेवर, बोटं भोकात खाली जाताना कुठे अडत नाहीत ना हे टाच उचलून बघा. मग आधी पुढचा पट्टा, मग त्याच्या मागचा, मग टाचेचा, आणि टाचेचा ओढताना बूट पुढे सरकणार नाही याकडे लक्ष. टाचेचा पट्टा बुटाच्या मागे जी कंगोऱ्यासारखी कड असते तिच्या वर बसला पाहिजे, खाली बसला तर पहिल्या उतारावर निसटतो. उरलेली टोकं अडकवून टाका, लोंबती ठेवली तर दुसऱ्या पायाखाली येतात किंवा झुडपात अडकतात. मग उभं राहून पाय उचला आणि टाच डावी-उजवीकडे हलवून बघा. बूट हलला की त्याबरोबर स्नोशूही हलायला हवा, दोघांमध्ये डुगडुग नको. आणि दहा मिनिटं चालून झाली की थांबून परत एकदा आवळायचं. ग्रुप पुढे निघाला असला तरी थांबायचं.

ही डुगडुग सपाटीवर कळतच नाही हो, कळते ती आडव्या उतारावर. डोंगराच्या कडेने जाताना चवड्याखालचे दात धरून ठेवतात पण बुटाची टाच उताराच्या बाजूला घसरते, फळीच्या बाहेर जाते, घोटा मुरगळतो. याला पट्टे जेवढे कारण तेवढाच बूट. फार गुबगुबीत गोल टाचेचे बर्फाचे बूट मिळतात, गाडीतून उतरून ऑफिसात जायला ठीक, पण टाचेचा पट्टा त्यांच्यावर टिकत नाही. मागे कड असलेले, थोडे ताठ तळव्याचे, घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. आणि स्नोशू घ्यायला जाताना तेच बूट घालून जा, जे घालून चालणार आहात, ही एकच गोष्ट ऐकलीत तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

मग घट्ट म्हणजे किती घट्ट? आपले लोक थंडीच्या भीतीने आणि पडण्याच्या भीतीने करकचून आवळतात. तसं करू नका. पायावरचा पट्टा जास्त आवळला की बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि उणे वीसमध्ये रक्त कमी म्हणजे बोटं आधी दुखतात, मग मुंग्या येतात, आणि मग दुखायचं थांबतं. ते थांबणं हीच धोक्याची खूण, पाय बरा झाला असं समजून पुढे जायचं नाही. बाजूंनी घट्ट, वरून बेताचं, आणि बुटाच्या आत बोटं सगळी हलली पाहिजेत. जाड मोज्यांचे दोन जोड घालून बूट आधीच तंग केला असेल तर वरून कुठलंही चांगलं बाइंडिंग लावा, बोटं गारच पडणार. गॅटिनोमध्ये वाटेत केबिन आहेत, कीओगन, हेरिज वगैरे, लाकडाची शेगडी पेटलेली असते, तिथे थांबलं की स्नोशू बाहेर काढून ठेवायचे, बूट सैल करायचे आणि बोटं हलवायची. स्नोशू आत शेगडीपाशी आणले की पट्ट्यांवरचा बर्फ वितळतो आणि बाहेर गेल्यावर तो बकलात गोठतो, म्हणून ते बाहेरच बरे.

मुलांचं जरा वेगळं असतं. त्यांचे बूट जाड, पाय छोटे, आणि बोटं गार पडली तरी ती खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. त्यांच्या बाइंडिंगला पट्टे जितके कमी तितकं बरं, आणि दर थोड्या वेळाने आपणच विचारायचं, बोटं हलतायत का बघू. नाही म्हणाला की तिथेच बूट काढून हाताने पाय गरम करायचा.

गेल्या हिवाळ्यात आमच्याबरोबर आलेल्या एका मित्राच्या भाड्याच्या स्नोशूचा टाचेचा पट्टा केबिनच्या बराच पुढे गेल्यावर तुटला, जुनं प्लास्टिक होतं, थंडीत तडकलं. स्नोशूशिवाय परत यायचं तर बर्फ मांडीपर्यंत होता. स्कीवाले लोक दोन स्की एकत्र बांधायला जे रंगीत ताणणारे पॉलियुरेथेनचे पट्टे वापरतात तसा एक माझ्या बॅगेत होता, तो टाचेमागून घेऊन दोन्ही बाजूंना अडकवला आणि तो आरामात परत आला, उलट म्हणाला आधीपेक्षा चांगला बसलाय. तेव्हापासून ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या बॅगेत असा एक तरी पट्टा असतो. त्याच्यासोबत मी चार-पाच झिप टाय, पोलला गुंडाळलेली थोडी डक्ट टेप, आणि दोन मीटर सुती वात ठेवते. बाइंडिंग पूर्ण गेलं तरी वातीची ती फुली कुठल्याही स्नोशूवर, कुठल्याही बुटावर बांधता येते, घरी बसून चार वेळा बांधून बघा, अंधारातही जमेल. भाड्याने घेत असाल तर दुकानातच प्रत्येक पट्टा वाकवून बघा, पांढरट रेघ किंवा बारीक तडा दिसला तर दुसरा जोड मागा, देतात.

एप्रिलमध्ये ठेवून देताना सगळे पट्टे सैल करून ठेवा, आवळून ठेवले की तसेच आकार धरतात. रबर आणि प्लास्टिक उन्हात नको, हीटरजवळ तर अजिबात नको. आणि लाकडी, कातड्याच्या जाळ्याचे असतील तर त्यांना वॉर्निशचा हात द्या आणि छताला उंच टांगा, कारण गॅरेजमधल्या उंदरांना ते कच्चं कातडं फार आवडतं आणि ते नेमकी ती आडवी जाड दोरीच आधी कुरतडतात.